न्यायमूर्तींची मुदतवाढ

बँकेत असताना माझी ख्याती ‘कॉन्झर्व्हेटिव्ह ऑफिसर’ अशी होती. म्हणजे तारण दोनदा तपासणारा, कर्ज हात आखडून देणारा. ती शिवीच होती, पण मी मिरवली. निवृत्तीनंतर वाघोलीत राहायला आलो, वाचनाला सवड मिळाली, आणि या एका शब्दाच्या पोटात किती वेगवेगळी माणसे राहतात ते कळले. ती पाहायला विलायतेला जावे लागत नाही. नगर रस्त्याने पुण्यात शिरले की पुरे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे जुने जपणाऱ्यांचे निदान तीन पंथ होते. त्यांतल्या एकात मी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांना बसवतो.

वाचक दचकतील. रानडे तर सुधारक! प्रार्थना समाज, सार्वजनिक सभा, हुजूरपागेची मुलींची शाळा, सगळीकडे त्यांचा हात. पण त्यांची रीत पाहा. घर पाडायचे नाही, माणसे आत राहत असतानाच एकेक वासा बदलायचा. प्रत्येक सुधारणेला जुन्या स्मृतींत आधार शोधायचा. इंग्लंडच्या एडमंड बर्कने १७९० साली फ्रेंच क्रांतीला विरोध केला, तो पिढ्यांचा धागा असा तोडू नये म्हणूनच. रानड्यांचा पिंड त्याच जातीचा.

हे तीन पंथ एकदा एका चहाच्या पेल्यापाशी भेटले. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. त्यांत रानडे होते आणि टिळकही. गोपाळराव जोश्यांनी नावे छापून आणली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. शास्त्रीमंडळींना शास्त्र होते तसे हवे होते. टिळकांचे जपणे निराळे. पुढच्याच वर्षी संमतिवयाचे बिल आले, मुलीचे वय दहावरून बारा करणारे. समाजाने हवे तर स्वतःहून बदलावे, परक्या सरकारने आमच्या घरात कायदा घालू नये, ही त्यांची भूमिका. रानडे बिलाच्या बाजूने होते. चहाच्या प्रकरणात मात्र दोघांनीही अखेर प्रायश्चित्त घेतले. सुधारक रानड्यांवर चिडले. १८९५ साली पुण्याच्या काँग्रेसच्या मंडपात सामाजिक परिषद भरवण्याला विरोध झाला, तेव्हाही त्यांनी भांडण टाळून ती दुसरीकडे नेली.

इथवर मला हा माणूस आवडतो. आमच्या खात्यातलाच वाटतो. १८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. पुढे शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याच्या अंमलबजावणीसाठी रानडे जज्ज म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांतून हिंडले, दप्तरे तपासली. शेतकऱ्याला रास्त व्याजाने पैसा देणाऱ्या बँका निघाव्यात, हेही त्यांनी मांडले.

पण १८७३ साल आले की मी अडखळतो. त्या वर्षी त्यांची पहिली पत्नी गेली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा हा एकतीस वर्षांचा विद्वान आता विधवेशीच लग्न करणार, अशी वडिलांना धास्ती. त्यांनी घाईने अकरा वर्षांची मुलगी पाहिली. रानड्यांनी विनवण्या केल्या, पण वडिलांचा शब्द मोडला नाही. लग्न झाले. पुण्यात हसे झाले.

कर्जाला मुदतवाढ देताना आम्ही एक गोष्ट विसरत नसू. वाढलेल्या मुदतीचे व्याज कुणीतरी भरतेच. माझ्या आजीची थोरली बहीण आमच्याकडेच असे. नवव्या वर्षी विधवा झालेली, लाल आलवणातली. स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत तिचे आयुष्य गेले. आम्हा पोरांना ती लाडू द्यायची, मात्र सणाला पुढे येत नसे. समाज सावकाश बदलायचा म्हणून जी वर्षे मोजली गेली, ती हिच्याही खात्यातून गेली. वडिलांचे मन राखणे मला समजते. मीही माझ्या वडिलांपुढे कधी बोललो नाही. तरीही त्या लग्नाच्या पानावरून मला पुढे जाववत नाही.

रानड्यांनी आपल्या परीने फेड लगेच सुरू केली. त्या मुलीला, रमाबाईंना, ते स्वतः शिकवू लागले. आधी मुळाक्षरे, मग मराठी, पुढे इंग्रजी. घरातल्या बायकांनी तिला टोमण्यांनी घायाळ केले. न्यायमूर्तींनी घरच्यांशी उघड भांडण मांडले नाही, आणि शिकवणेही थांबवले नाही. त्या दिवसांबद्दल रमाबाईंनी आठवणींच्या पुस्तकात लिहिले आहे, रागावून नव्हे.

१९०१ च्या जानेवारीत रानडे मुंबईत वारले. रमाबाई पुण्याला परतल्या. १९०९ साली त्यांनी पुण्यात सेवासदन उभे केले. तिथे शिकून परिचारिका होणाऱ्यांत विधवा मुली होत्या.