कूनो हॉफमाइस्टर
कूनो हॉफमाइस्टर (२ फेब्रुवारी १८९२ – २ जानेवारी १९६८) हे जर्मन खगोलशास्त्रज्ञ होते. १९२५ मध्ये त्यांनी झोन्नेबर्ग या आपल्या जन्मगावी वेधशाळा स्थापन केली. आकाशाच्या छायाचित्रांची तुलना करून त्यांनी सुमारे १०,००० चलतारे शोधले.

१९२९ मध्ये सरठ तारकासमूहात त्यांना आढळलेला ‘बीएल लॅसर्टी’ हादेखील अनियमित चलतारा मानला गेला. त्यांच्या निधनानंतर काही महिन्यांतच तो रेडिओ स्रोत असल्याचे उघड झाले. वस्तुतः ती दूरस्थ दीर्घिका आहे. तिच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवराजवळून पृथ्वीच्या रोखाने निघणाऱ्या झोतामुळे तिचे तेज झपाट्याने बदलते. अशा दीर्घिकांचा एक वर्ग आज तिच्याच नावाने ओळखला जातो. आपल्या या शोधाचे खरे स्वरूप हॉफमाइस्टर यांना अखेरपर्यंत कळले नाही.