कादंबरीकर्त्री जेन ऑस्टिन

श्रीमंत घराण्यातील तरुण आणि बेताच्या स्थितीतील मुलगी यांच्या प्रेमाच्या कितीतरी इंग्रजी कादंबऱ्या ‘रीजन्सी’ काळावर आजही लिहिल्या जातात. त्यांचे मूळ जिच्या लेखणीत सापडते, त्या जेन ऑस्टिनची ही अल्प ओळख. राजा तिसरा जॉर्ज भ्रमिष्ट झाल्यामुळे १८११ ते १८२० पर्यंत युवराजाने राज्यकारभार पाहिला, तोच हा काळ.

जेनचा जन्म १६ डिसेंबर १७७५ रोजी हँपशायरमधील स्टीव्हन्टन या खेड्यात झाला. वडील तेथील धर्मोपदेशक. भावंडे आठ, घरात पुस्तके पुष्कळ, पैसा मात्र जेमतेम. मुलीबरोबर पैसा देता आला नाही तर चांगल्या कुळातील मुलीलाही स्थळ मिळणे कठीण होई. जेनची आत्या फिलाडेल्फिया तर वरसंशोधनासाठी १७५२ साली जहाजाने थेट मद्रासेस आली, आणि पुढल्याच वर्षी कडलोर येथे कंपनीच्या एका डॉक्टराशी तिचे लग्न झाले! हुंड्याची पीडा काय ती आपल्याच नशिबी, असे समजणाऱ्या भगिनींनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

१७९५ च्या नाताळात टॉम लेफ्रॉय नावाचा आयरिश तरुण शेजारी पाहुणा आला. दोघेही विशीतली. नृत्यसमारंभांतून त्यांचा स्नेह जमला. पण टॉमला अजून वकिली शिकायची होती, घरच्यांच्या साऱ्या आशा त्याच्यावर होत्या, आणि जेन निर्धन. काही आठवड्यांतच त्याची रवानगी झाली. पुढे तो आयर्लंडचा सरन्यायाधीश झाला.

१८०२ च्या डिसेंबरात उलटा प्रसंग आला. मॅनीडाऊनच्या मोठ्या जमीनदारीचा वारस हॅरिस बिग-विदर याने तिला मागणी घातली. तिने रात्री होकार दिला आणि सकाळी मोडला. आई आणि बहीण कॅसँड्रा यांची जन्माची सोय त्या एका होकारात होती! १८०५ मध्ये वडील वारले आणि मायलेकी भावांच्या आधारावर आल्या. श्रीमंत नातलगांना दत्तक गेलेल्या एडवर्डने १८०९ मध्ये चॉटन येथे घर दिले, तेव्हा कुठे त्यांना स्वस्थता लाभली.

पहिली कादंबरी १८११ मध्ये निघाली, लेखिका ‘एक स्त्री’ एवढ्याच नावाने. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चा नायक डार्सी याचे उत्पन्न सालिना दहा हजार पौंड, त्या पुस्तकाच्या हक्काबद्दल जेनला मिळाले अवघे एकशे दहा. नायिका एलिझाबेथ सभ्य गृहस्थाची मुलगी, पण तिच्या मावशीचा नवरा वकील, मामा व्यापारी. तेवढेही डार्सीच्या आप्तांना खुपते. ‘एमा’तील अनौरस हॅरिएटला मात्र जेन शेवटी शेतकऱ्याच्याच पदरी घालते. येथे तिचे मन थोडे आखडले, असे मला वाटते. याउलट ‘पर्स्वेजन’मधील अ‍ॅन ही सरदारकन्या वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याने एका निर्धन नौदल अधिकाऱ्याला नकार देते व आठ वर्षे झुरते. तो श्रीमंत होऊन परततो, आणि त्याचे मन पुन्हा वळेल की नाही या काळजीने वाचक अ‍ॅनइतकाच व्याकूळ होतो. जेनच्या साऱ्या पुस्तकांत मला हेच अधिक जवळचे.

१८ जुलै १८१७ रोजी विंचेस्टर येथे, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, ती निवर्तली. तेथील कॅथीड्रलमधील तिच्या कबरीच्या शिळेवर तिच्या शीलाची व बुद्धीची प्रशंसा आहे, कादंबऱ्यांचा उल्लेख नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘पर्स्वेजन’ प्रसिद्ध झाली, आणि भाऊ हेन्रीने त्या ग्रंथाबरोबर तिचे नाव प्रथमच छापून जाहीर केले.