घरचे संस्कार, पेढीचा कारभार : श्रेष्ठिवर्य कस्तुरभाई लालभाई

भारतीय वस्त्रोद्योगाच्या आणि जैन तीर्थांच्या जीर्णोद्धाराच्या इतिहासात श्रेष्ठिवर्य कस्तुरभाई लालभाई यांचे नाव आदराने घेतले जाते. गिरणीमालक म्हणून त्यांनी मिळवलेले यश मोठे होते आणि त्या यशाचा पाया अहमदाबादच्या त्यांच्या घरात घातला गेला होता. घरात जे शिकले, ते त्यांनी व्यापारात आणि विश्वस्तपदावर सारख्याच निष्ठेने आचरले. म्हणूनच त्यांचे चरित्र व्यापारी कुटुंबांना आजही मार्गदर्शक ठरते.

घराणे व बालपण

कस्तुरभाईंचा जन्म १९ डिसेंबर १८९४ रोजी अहमदाबाद येथे झाला. मुघल काळातील विख्यात जवाहिरे व नगरशेठ शांतिदास झवेरी हे या घराण्याचे पूर्वज. रत्नपारख्याच्या व्यवसायात पत हेच खरे भांडवल असते. ती पत जपण्याची परंपरा या घराण्यात पिढ्यानपिढ्या चालत आली होती. वडील लालभाई दलपतभाई यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरसपूर मिल आणि पुढे १९०५ मध्ये रायपूर मिल उभारून घराण्याला सराफी व्यवहाराकडून कारखानदारीकडे नेले. शेठ आणंदजी कल्याणजी पेढीचे कामही ते पाहत असत. त्यामुळे गिरणीचा हिशेब आणि तीर्थाचा हिशेब या दोन्ही गोष्टी मुलांच्या नजरेसमोर एकाच घरात होत होत्या.

लालभाई अत्यंत शिस्तप्रिय होते. वेळेचे बंधन, साधी राहणी व मोठ्यांचा मान यांत मुलांना सवलत नव्हती. मातोश्री मोहिनाबा धर्मपरायण व ममताळू होत्या. वडिलांचा धाक आणि आईची माया या दोहोंच्या छायेत कस्तुरभाईंचा स्वभाव घडला.

सतराव्या वर्षी आलेली जबाबदारी

१९१२ हे वर्ष या कुटुंबासाठी कसोटीचे ठरले. एकत्र कुटुंबाची वाटणी नुकतीच झाली होती आणि लालभाईंच्या वाट्याला रायपूर मिल आली होती. वाटणीचे घाव भरले नव्हते, तोच त्याच वर्षी लालभाईंचे निधन झाले. कस्तुरभाई त्या वेळी गुजरात कॉलेजात शिकत होते. वय अवघे सतरा वर्षांचे. गिरणी सांभाळण्यासाठी घरातीलच माणूस हवा होता. कुटुंबाच्या इच्छेला मान देऊन त्यांनी महाविद्यालय सोडले. शिक्षणाची आवड असलेल्या तरुणाला हा त्याग सोपा नव्हता. परंतु घर अडचणीत असताना स्वतःची आवड बाजूला ठेवावी, हा संस्कार त्यांनी प्रत्यक्ष आचरणात आणला.

मालकाचा मुलगा म्हणून ते थेट गादीवर जाऊन बसले नाहीत. गिरणीत त्यांनी आरंभी टाइमकीपरचे, म्हणजे कामगारांच्या हजेरीचे व वेळेची नोंद ठेवण्याचे काम केले. मात्र तेवढ्यावर त्यांचे समाधान होईना. कापडाच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा कापसाचा असतो, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले. दलालाच्या शब्दावर विसंबून न राहता ते स्वतः कापूस पिकणाऱ्या भागांत फिरले. धाग्याची लांबी, कापसाची स्वच्छता, ओलावा आणि भाव यांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. जवाहिऱ्याच्या कुळातील पारखी नजर अशी कापसाच्या गाठींकडे वळली. स्वतः पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये, ही त्यांची पुढील साऱ्या आयुष्याची रीत झाली.

उद्योगाचा विस्तार

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी कापडाची आवक घटली आणि देशी गिरण्यांना संधी मिळाली. रायपूर मिलचा जम बसला. १९२० च्या सुमारास अशोक मिल निघाली आणि त्यानंतर आणखी गिरण्यांची भर पडत गेली. थोरले बंधू चिमणभाई आणि धाकटे बंधू नरोत्तमभाई यांच्यासमवेत त्यांनी हा व्याप सांभाळला. वाटणीचे दुःख लहान वयात पाहिलेल्या कस्तुरभाईंनी भावाभावांमधील ऐक्याला व्यवसायातही अग्रस्थान दिले.

१९३१ मध्ये जगभर मंदी असताना अरविंद मिलची स्थापना झाली. विलायतेहून येणारे तलम कापड येथेच विणावे, हा त्यामागील हेतू होता. ५२,५६० चात्या आणि १,१२२ माग अशी तिची सुरुवातीची उभारणी होती. स्वदेशीच्या चळवळीचे ते दिवस होते आणि नफा व देशहित यांचा येथे सुरेख मेळ बसला. पुढे १९४७ मध्ये रंग व रसायनांसाठी वलसाडजवळ अतुल हा कारखाना स्थापन झाला. १९५२ मध्ये पंतप्रधान पंडित नेहरू यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. स्वातंत्र्यानंतर पश्चिम किनाऱ्यावरील मोठ्या बंदरासाठी जागा सुचविणाऱ्या समितीचे अध्यक्षपद कस्तुरभाईंकडे होते. त्या समितीने कांडल्याची शिफारस केली.

तीर्थसेवा : विश्वस्तपदाची कसोटी

वडिलांप्रमाणेच कस्तुरभाईंनीही आणंदजी कल्याणजी पेढीची धुरा वाहिली आणि सुमारे अर्धशतक वाहिली. आरंभीच्या काळातच शत्रुंजयाचा प्रश्न उभा राहिला. पालिताणा संस्थानाने यात्रेकरूंवर कर बसविण्याचा आग्रह धरला. जैन समाजाने १ एप्रिल १९२६ पासून यात्राच बंद ठेवली. दोन वर्षांहून अधिक काळ गिरिराज यात्रेकरूंविना राहिला. श्रद्धाळू मनाला याहून मोठी वेदना कोणती? अखेर १९२८ मध्ये सिमला येथे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या मध्यस्थीने तडजोड झाली. पेढीने संस्थानाला ३५ वर्षे दरसाल ६०,००० रुपये ठोक रक्कम द्यावी आणि यात्रेकरूंवर माणशी कर नसावा, असे ठरले. वाटाघाटी करणाऱ्या प्रतिनिधींमध्ये तरुण कस्तुरभाई होते. तत्त्वावर ठाम राहावे, परंतु मार्ग निघत असेल तर समंजसपणे तो स्वीकारावा, ही व्यापारातील शहाणीव तीर्थरक्षणाच्या कामी आली.

राणकपूर, देलवाडा व शत्रुंजय येथील जीर्णोद्धाराची कामे त्यांच्या देखरेखीखाली झाली. येथेही दृष्टी पारख्याचीच होती. देलवाड्याच्या कामी मूळ संगमरवराशी जुळणारा दगड मिळावा म्हणून दांता परिसरातील डोंगरांचा शोध घेण्यात आला. शत्रुंजयावरील मुख्य मंदिरावर काळाच्या ओघात चढलेले चुन्याचे थर काढून आतील मूळ शिल्प पुन्हा उजेडात आणले गेले. नवी चकाकी देण्यापेक्षा पूर्वजांनी ठेवलेले जसेच्या तसे जपावे, हा त्यांचा आग्रह असे. समाजाचे द्रव्य हे आपल्याकडे सोपविलेली ठेव आहे आणि तिचा पैन् पैचा हिशेब द्यावयाचा आहे, ही जाणीव त्यांच्या कारभारात सतत दिसते.

विद्येचे ऋण

स्वतःचे महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट राहिले, तरी इतरांच्या शिक्षणासाठी त्यांनी मुक्तहस्ते साहाय्य केले. अहमदाबाद एज्युकेशन सोसायटीच्या उभारणीत त्यांचा मोलाचा वाटा होता. वस्त्रोद्योग संशोधनाची अटिरा, १९६१ मध्ये स्थापन झालेली भारतीय व्यवस्थापन संस्था आणि मुनी पुण्यविजयजी महाराजांच्या प्रेरणेने आकारास आलेले लालभाई दलपतभाई भारतीय संस्कृती विद्यामंदिर यांच्यामागेही ते उभे राहिले. विद्यामंदिरात प्राचीन हस्तलिखितांचा मोठा संग्रह जतन झाला असून त्यास वडिलांचे नाव आहे. भारत सरकारने १९६९ मध्ये त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. पुढे पेढीच्या अध्यक्षपदाची जबाबदारी पुत्र श्रेणिकभाईंनी स्वीकारली. २० जानेवारी १९८० रोजी कस्तुरभाईंचे निधन झाले.

त्यानंतरच्या दशकांत अहमदाबादच्या अनेक गिरण्यांचे भोंगे थांबले. काळाबरोबर उद्योग बदलतात, यंत्रे जुनी होतात. परंतु कस्तुरभाईंनी जपलेली तीर्थे आणि उभ्या केलेल्या विद्यासंस्था आजही समाजाच्या उपयोगी पडत आहेत. मुलांना वारसा म्हणून दुकान किंवा कारखाना देता येतो. तो चालविण्याची रीत मात्र त्यांना घरातच, लहानपणी आणि मोठ्यांच्या वागण्यातूनच मिळते. कस्तुरभाईंना ती मिळाली आणि त्यांनी ती पुढच्या पिढीच्या हाती दिली. या थोर श्रावकाच्या पुण्यस्मृतीस विनम्र अभिवादन.