जोसेफ ब्रामा व त्याचे जलदाब-यंत्र

आमच्या सोलापूर शहरावरून जाणाऱ्या हमरस्त्यावर एखादी मालमोटार चाक बदलण्यासाठी थांबली की, तिचा चालक वीतभर उंचीचा एक लोखंडी जॅक खाली सरकवितो आणि एक दांडा वरखाली करून शेकडो मणांचे ओझे एकटाच उचलतो. हे दृश्य आपण नित्य पाहतो. परंतु ही शक्ती मनुष्याच्या हाती ज्याने दिली, त्याचे नाव आपणांपैकी फार थोड्यांस ठाऊक असेल. त्या पुरुषाचे अल्प चरित्र आम्ही येथे सादर करीत आहो.

जोसेफ ब्रामा याचा जन्म 1748 साली इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. वडिलांमागे नांगर धरावा, एवढेच त्याचे भवितव्य दिसत होते. परंतु सोळाव्या वर्षी त्याच्या घोट्यास जबर दुखापत झाली, शेतकाम अशक्य झाले आणि तो सुताराच्या हाताखाली उमेदवारी करू लागला. ज्या आपत्तीने त्याचे पाऊल जायबंदी केले, तिनेच त्याच्या हातांस वळण लावले. पुढे लंडनास येऊन त्याने 1778 साली सुधारलेल्या शौचकूपाचे व 1784 साली एका अपूर्व कुलुपाचे पेटंट मिळविले. हे कुलूप उघडणारास 200 गिनी देऊ, अशी पाटी दुकानाच्या खिडकीत झळकत असे. ते बक्षीस 1851 साली हॉब्स नावाच्या एका अमेरिकन कारागिराने जिंकले. तोवर ब्रामा कालवश होऊन सदतीस वर्षे लोटली होती.

त्याची खरी कीर्ती मात्र 1795 सालच्या जलदाब-यंत्रावर उभी आहे. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्व बाजूंस सारखाच पोहोचतो, हे तत्त्व सतराव्या शतकात फ्रेंच पंडित पास्कल याने मांडले होते. लहान दट्ट्याचे तोंड एक चौरस इंच व मोठ्याचे शंभर चौरस इंच असेल, तर लहानावरील दहा किलोचा भार मोठ्यावर हजार किलो तोलून धरतो. मात्र सृष्टी फुकट काही देत नाही. मोठा दट्ट्या एक इंच चढण्यास लहानास शंभर इंच दाबावा लागतो.

तत्त्व निर्दोष होते, पण यंत्र गळू लागले. दट्ट्याभोवतीचे बूच सैल ठेवावे तर पाणी उडे. घट्ट आवळावे तर दट्ट्या अडकून खाली येईना. या पेचातून मार्ग काढण्याचे श्रेय ब्रामाच्या कारखान्यातील तरुण कारागीर हेन्री मॉडस्ले यास देतात. त्याने वाटीसारखे वळविलेले चामड्याचे कडे बसविले. पाण्याचा दाब वाढे तसे त्याचे ओठ दट्ट्यास अधिक घट्ट चिकटत आणि दाब ओसरला की आपोआप सैल होत. जो दाब गळतीचे कारण होता, त्यासच त्याने गळतीचा पहारेकरी केले!

येथे ब्रामाच्या चरित्रातील एक डाग लपविणे आम्हांस योग्य वाटत नाही. आठवड्यास 30 शिलिंग मिळविणाऱ्या या गुणी सहकाऱ्याने 1797 साली वेतनवाढ मागितली, ती धन्याने नाकारली आणि मॉडस्ले निघून गेला. पुढे तो स्वतःच थोर यंत्रविशारद म्हणून गाजला. पाण्याची गळती ज्याने थांबविली, त्या मनुष्याची किंमत मात्र धन्यास कळली नाही.

1814 साली हँपशायरमधील एका रानात आपल्याच यंत्राने वृक्ष समूळ उपटण्याचे काम चालू असता, देखरेख करताना ब्रामास थंडी बाधली व त्यातच डिसेंबर महिन्यात त्याचा अंत झाला.

आज पाण्याच्या जागी तेल व चामड्याच्या जागी रबर आले आहे. मोटारीवर बांधलेल्या फिरत्या घरांस असेच चार पाय असतात. उंचसखल जागी ते घर समतल करतात. रात्रीतून एखादा पाय खचला तर घाबरू नये. प्रथम त्याखालची जमीन पाहावी. मग पाय मिटवून टाकीतील तेल तपासावे. तेल बाहेर ओघळले असेल तर सील झिजले असावे किंवा सांधा सैल झाला असावा. बाहेर कोरडे असूनही पाय उतरत असेल तर झडपेत कचरा अडकल्याचा संशय घ्यावा. तो धक्के देत चढत असेल तर तेलात हवा शिरली असावी. आणि केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कदापि शिरू नये.

विद्यार्थिमित्रहो, ब्रामाच्या यंत्रात ओझे उचलणारा दट्ट्या सर्वांस दिसे, चामड्याचे कडे कोणासही दिसत नसे. परंतु तेवढे एक कडे नसते, तर पास्कलचे तत्त्व कागदावरच राहिले असते.