इंजिनाला जादा श्वास देणारे सर हेन्री बर्किन

आज लहानशा मोटारीच्या पाठीवरही ‘टर्बो’ हा शब्द दिसतो आणि त्याचे कुणाला नवल वाटत नाही. इंजिनात बाहेरची हवा दाबून भरायची आणि तेवढ्याच आकाराच्या इंजिनाकडून अधिक शक्ती मिळवायची, हे त्यामागचे साधे तत्त्व. सुमारे शतकापूर्वी याच तत्त्वाच्या एका प्रयोगापायी एका धनाढ्य इंग्रज शर्यतपटूने आपली संपत्ती पणाला लावली. त्यांचे नाव सर हेन्री बर्किन. मोटार शर्यतींचे जग त्यांना ‘टिम’ या लाडक्या नावाने ओळखते.

बर्किन यांचा जन्म १८९६ मध्ये नॉटिंगहॅमच्या एका श्रीमंत घराण्यात झाला. लेसच्या उद्योगावर या घराण्याची भरभराट झाली होती. पहिल्या महायुद्धात ते हवाई दलात दाखल झाले. पॅलेस्टाइनच्या आघाडीवर त्यांना हिवताप जडला आणि त्याने पुढे आयुष्यभर त्यांची पाठ सोडली नाही. अंगकाठी किरकोळ, बोलताना अडखळण्याची सवय आणि गळ्यात ठिपक्यांचा रेशमी रुमाल. मात्र मोटारीत बसताच हा माणूस पार बदलून जाई. १९२७ मध्ये त्यांचा भाऊ आर्ची मोटारसायकल शर्यतीच्या सरावात मृत्युमुखी पडला. तरीही टिम शर्यतींपासून दूर गेले नाहीत. १९२९ मध्ये वुल्फ बार्नाटो यांच्या जोडीने त्यांनी फ्रान्समधील ‘ल मां’ची चोवीस तासांची शर्यत बेंटले मोटारीतून जिंकली.

वादाला तोंड फुटले ते बेंटलेच्या साडेचार लिटरच्या इंजिनावरून. हे चार सिलिंडरांचे इंजिन सुमारे ११० अश्वशक्ती देई. अधिक वेग हवा असेल तर इंजिन मोठे करावे, असे कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटले यांचे ठाम मत होते. बर्किन यांना ते मान्य नव्हते. साध्या इंजिनात दट्ट्या खाली सरकताना जेवढी हवा ओढली जाते, तेवढ्यावरच भागवावे लागते. मग ही हवा यंत्राने दाबून का भरू नये, असा त्यांचा विचार होता.

अभियंते अ‍ॅमहर्स्ट व्हिलियर्स यांनी त्यासाठी सुपरचार्जर तयार केला. रेडिएटरच्याही पुढे बसवलेला हा अवजड ‘ब्लोअर’ थेट क्रँकशाफ्टच्या टोकावरून फिरे. दोन कार्ब्युरेटर त्याच्या आधी बसवलेले असल्याने तो हवा व पेट्रोल यांचे मिश्रण ओढून घेई आणि दाबाखाली सिलिंडरांत ढकली. रस्त्यावरच्या मोटारीची शक्ती त्यामुळे १७५ अश्वशक्तीपर्यंत, तर शर्यतीच्या मोटारीची २४० पर्यंत गेली! परंतु या शक्तीची किंमतही मोजावी लागली. पेट्रोल भरमसाट खर्च होई, इंजिन अधिक तापे आणि पुढच्या बाजूला वाढलेल्या वजनामुळे वळणावर मोटार आवरणे कठीण जाई.

बेंटले यांचा विरोध असल्याने बर्किन यांनी वेलविन येथे स्वतःची कार्यशाळा उभारली. पैसा अपुरा पडू लागला तेव्हा डोरोथी पॅजेट या श्रीमंत तरुणीने आर्थिक भार उचलला. ‘ल मां’च्या नियमानुसार अशा ५० मोटारी बनवणे आवश्यक होते. कंपनीचे अध्यक्षपद बार्नाटो यांच्याकडे होते. त्यांनी संमती दिली आणि संस्थापकाच्या मनाविरुद्ध त्या मोटारी तयार झाल्या.

जून १९३० मधील ‘ल मां’ शर्यतीत रुडॉल्फ काराचिओला यांच्या बलाढ्य मर्सिडीजला बर्किन यांनी भरधाव गाठले. चाके रस्त्याकडेच्या गवतावर घालून आणि टायर फाटत असतानाही त्यांनी तिला मागे टाकले. पुढे मर्सिडीज बंद पडली. पण दोन्ही ब्लोअर बेंटलेही शर्यत पुरी करू शकल्या नाहीत. विजय मिळाला तो बेंटले यांच्या साध्या, मोठ्या इंजिनाच्या ‘स्पीड सिक्स’ला. त्याच वर्षी पो येथील फ्रेंच ग्रां प्रीमध्ये हलक्या बुगाटींच्या गर्दीत बर्किन यांची ती भारदस्त मोटार दुसरी आली. एकही मोठी शर्यत मात्र तिला जिंकता आली नाही. पॅजेट यांनी संघाचा आधार काढून घेतला आणि १९३१ मध्ये बेंटले कंपनी रोल्स-रॉइसच्या ताब्यात गेली.

बर्किन थांबले नाहीत. १९३१ मध्ये त्यांनी अर्ल हाऊ यांच्यासह अल्फा रोमिओमधून पुन्हा ‘ल मां’ जिंकली. विशेष म्हणजे त्या इंजिनातही सुपरचार्जर होता. फरक एवढाच, की ते मुळातच त्यासाठी घडवलेले होते. १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर एकआसनी ब्लोअर बेंटलेतून त्यांनी ताशी सुमारे २२२ किलोमीटरचा विक्रम नोंदवला. मे १९३३ मध्ये त्रिपोलीच्या शर्यतीत ते तिसरे आले. या शर्यतीत त्यांचा हात तापलेल्या एक्झॉस्ट नळीवर भाजला. पुढे त्या जखमेतून रक्तात विष भिनले की जुन्या हिवतापाने उचल खाल्ली, याविषयी मतभेद आहेत. २२ जून १९३३ रोजी लंडनमध्ये, अवघ्या ३६व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

निकालांच्या नोंदी पाहिल्या तर बेंटले यांचेच म्हणणे खरे ठरले. तयार इंजिनाच्या तोंडाशी हवेचा पंप जोडल्याने शक्ती वाढते, टिकाऊपणा वाढतोच असे नाही. मात्र इयान फ्लेमिंग यांनी १९५३ मध्ये आपल्या जेम्स बाँडला मोटार दिली, ती ब्लोअर बेंटलेच! आणि २०१९ मध्ये खुद्द बेंटले कंपनीने आपल्या जुन्या मोटारीच्या १२ नव्या प्रतिकृती बनवण्याचे जाहीर केले, तेव्हाही निवड झाली ती संस्थापकाला नको असलेल्या, बर्किन यांच्याच मोटारीची.