बुद्धवाणी घरी आणणारे धर्मानंद कोसंबी

आज वैशाखी पौर्णिमा. भगवान बुद्धांचा जन्म, त्यांना झालेली संबोधी आणि त्यांचे महापरिनिर्वाण या तिन्ही घटना याच तिथीस घडल्या, अशी परंपरा आहे. सिंहलद्वीपात आज घरोघरी रंगीत आकाशकंदील लागतात. ब्रह्मदेशात बोधिवृक्षाला पाणी घालण्यासाठी स्त्रीपुरुष कलश घेऊन निघतात. दूर जपानात बुद्धजन्माचा उत्सव ८ एप्रिलला असतो आणि बालबुद्धाच्या मूर्तीला गोड चहाने स्नान घालतात. आपल्या घरातही बुद्धांचे नाव परके नाही. देवपूजेचा संकल्प सोडताना काळाचा उच्चार करू लागलो की ‘बौद्धावतारे’ हा शब्द आपण रोज उच्चारतो. आपल्या वारकरी संतांनी तर विटेवरच्या पांडुरंगालाच बौद्ध अवतार म्हणून ओळखले आहे. परंतु ज्याचे नाव संकल्पात घ्यावयाचे, त्याने सांगितले काय, हे कित्येक शतके महाराष्ट्रातील गृहस्थास ठाऊक नव्हते.

या विस्मरणाची साक्ष आपल्या धाराशिव जिल्ह्यातच उभी आहे. तेरणाकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. ग्रीक व रोमन जगाशी व्यापार करणाऱ्या या नगरीचा उल्लेख परदेशी प्रवासग्रंथांत सापडतो. गोरोबाकाकांच्या समाधीचे दर्शन घेऊन भाविक त्रिविक्रमाच्या देवळात येतो. विटांनी बांधलेल्या या मंदिराची मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोलाकार आहे. मूळची ही वास्तू बौद्ध चैत्यगृह असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. तेरच्या उत्खननात विटांचा स्तूपही सापडला. चैत्य राहिला, त्यात विष्णूची स्थापना झाली, पूजा अखंड चालू राहिली. मात्र ज्या वचनांच्या श्रवणासाठी तो चैत्य उभारला गेला, ती वचने या भूमीतून नाहीशी झाली. ती सिंहलद्वीपात, ब्रह्मदेशात, सयामात, नेपाळ-तिबेटात आणि चीनमध्ये परक्या लिप्यांच्या आश्रयाने जिवंत होती. ती शोधून मराठीत परत आणण्यासाठी एका गोमंतकीय ब्राह्मणाने आपले अवघे आयुष्य वेचले. त्यांचे नाव धर्मानंद दामोदर कोसंबी. आजच्या पुण्यदिवशी त्यांच्या चरित्राचे स्मरण करणे उचित होईल.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी एका गौड सारस्वत कुटुंबात झाला. पोर्तुगीज अमलातील त्या खेड्यात शिक्षणाची सोय बेताची. थोडेफार मराठी शिक्षण झाले आणि घरच्या नारळीच्या बागायतीची देखभाल त्यांच्याकडे आली. त्या काळच्या रीतीप्रमाणे कोवळ्या वयातच बाळाबाईंशी त्यांचा विवाह झाला. चारचौघांसारखा संसार, शेतीवाडी, देवधर्म असा सरळ मार्ग समोर होता. पण मन कोठेच रमेना. अशा स्थितीत ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मराठी मासिकातील बुद्धचरित्रावरील एक लेख त्यांच्या वाचनात आला. मुलांसाठी लिहिलेल्या त्या चार पानांनी या तरुणाच्या अंतःकरणात असा ठाव घेतला की, या महापुरुषाचा धर्म मुळापासून जाणून घेतल्यावाचून जगणे व्यर्थ, असे त्यांस वाटू लागले.

इ.स. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. मागे तरुण पत्नी होती आणि माणिक ही तान्ही कन्या होती. हातात पैसा नव्हता, इंग्रजीचे ज्ञान नव्हते, संस्कृतही येत नव्हते. प्रथम ते पुण्यास आले. तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली. संस्कृत शिकण्याच्या ओढीने ग्वाल्हेरमार्गे ते काशीस पोहोचले. काशीत अन्नछत्रात मिळेल ते जेवावे आणि शास्त्र्यांच्या पायाशी बसून व्याकरणाचा अभ्यास करावा, असा क्रम त्यांनी चालविला. हे सर्व साधन होते. साध्य होते बुद्धधर्म.

इ.स. १९०२ मध्ये ते नेपाळात गेले. बुद्धांचे जन्मस्थान ज्या देशात, तेथे त्यांचा धर्म नांदत असेल, ही त्यांची अपेक्षा. प्रत्यक्षात मात्र शोधत होते तो उपदेश तेथे त्यांना मिळाला नाही, आणि ते निराश होऊन बोधगयेस आले. तेथे त्यांना सिंहलद्वीपात जाण्याचा सल्ला मिळाला. कलकत्ता, मद्रास असा प्रवास करीत ते कोलंबोस पोहोचले. तेथील विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्य या थोर स्थविरांजवळ त्यांनी पाली भाषेचे अध्ययन आरंभिले व श्रामणेर दीक्षा घेतली.

पाली भाषेला स्वतःची अशी लिपी नाही. सिंहली लोक ती सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मी लोक ब्रह्मी लिपीत, सयामी लोक सयामी लिपीत. भारतात जन्मलेल्या बुद्धांचे त्रिपिटक वाचण्यासाठी भारतीय माणसाला अगोदर परक्या देशाची बाराखडी गिरवावी लागावी, यापरते दैवाचे विपरीत ते कोणते? पंचविशी ओलांडलेल्या धर्मानंदांनी ती गिरविली. तेथील आहार शाकाहारी माणसाला मानवेना, प्रकृती खालावली, तरी अध्ययन सुटले नाही. पुढे ब्रह्मदेशात जाऊन त्यांनी उपसंपदा घेतली व ते भिक्षू झाले. तेथील विहारांत ध्यानाचा अभ्यास केला. स्वदेशी परतल्यावर चीवर व भिक्षापात्र घेऊन कुशीनगरादी बुद्धक्षेत्रांची यात्रा केली. एका मासिकातील लेखाने सुरू झालेला शोध आता मूळ ग्रंथांपर्यंत आणि मूळ आचारापर्यंत पोहोचला होता.

येथे कित्येक साधकांची कथा संपते. धर्मानंदांची खरी कसोटी येथून पुढे सुरू झाली. मिळविलेला ठेवा आपल्यापुरता ठेवून एखाद्या विहारात शांतपणे आयुष्य घालविणे त्यांना सहज शक्य होते. परंतु ज्या समाजाने बुद्धांना विसरण्याची चूक केली, त्या समाजापर्यंत हे ज्ञान पोहोचले नाही, तर आपल्या गृहत्यागाला अर्थ काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. भिक्षूच्या नियमांत राहून हे कार्य साधणार नाही, असे त्यांना दिसून आले. इ.स. १९०६ मध्ये कलकत्त्यास त्यांनी चीवर उतरविले आणि तेथील राष्ट्रीय महाविद्यालयात व विद्यापीठात पाली शिकविण्याचे काम पत्करले. त्याच वर्षी, सुमारे सात वर्षांनी, ते गोव्यास घरी आले.

त्या सात वर्षांत बाळाबाईंनी काय सोसले असेल, याची कल्पना आपल्या घरातील माउलींनीच करावी. कपिलवस्तूच्या यशोधरेचे दुःख कवींनी गायिले. साखवाळच्या या यशोधरेचे दुःख कोणी गायिले नाही. पती जिवंत असून सौभाग्याचे सुख नाही, पदरी लहान मूल, आणि भोवती लोकांची जीभ. पुरुषाच्या धर्मशोधाचे मोल घरातील स्त्रीला द्यावे लागते, ही गोष्ट संतचरित्रे वाचताना आपण सहसा विसरतो. धर्मानंदांच्या चरित्रातील विशेष असा की, ते परत आले. संसार पुन्हा उभा राहिला. पुढे त्यांनी मुलींनाही मुलाच्या बरोबरीने शिक्षण दिले. १९०७ साली जन्मलेले पुत्र दामोदर हे गणितज्ञ व इतिहासकार म्हणून जगप्रसिद्ध झाले. वैराग्य आणि गृहस्थधर्म यांतील तिढा पुरता सुटला, असे कोणी म्हणणार नाही. ध्येयासाठी त्यांची भ्रमंती जन्मभर चालूच राहिली. पण घेतलेल्या ऋणाची जाणीव त्यांनी ठेवली, हे खरे.

कलकत्त्यात मान होता, वेतनही बरे होते. तरीही हे कार्य महाराष्ट्रात व्हावे, ही त्यांची तळमळ. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी महाराष्ट्रातील कोणत्याही शहरी राहून ग्रंथलेखन करावे, एवढ्या अटीवर त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. धर्मानंदांनी मोठी नोकरी सोडून ते ५० रुपये स्वीकारले. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे त्यांचे पुस्तक १९१० मध्ये निघाले. डॉ. भांडारकरांच्या प्रयत्नाने मुंबई विद्यापीठात पालीला स्थान मिळाले. १९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात धर्मानंद पाली शिकवीत होते. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या पु. वि. बापट यांनी पुढे पालीतील ‘विसुद्धिमग्ग’ आणि केवळ चिनी अनुवादात उरलेला ‘विमुत्तिमग्ग’ यांची तुलना करून १९३७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. गुरूने सिंहलद्वीपातून आणलेला धागा शिष्याने चीनपर्यंत नेऊन जोडला.

‘विसुद्धिमग्ग’ हाच धर्मानंदांच्या विद्वत्तेचा कळस होय. इसवी सनाच्या पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी सिंहलद्वीपातील अनुराधपूरच्या महाविहारात हा ग्रंथ रचला. शील, समाधी आणि प्रज्ञा या तीन पायऱ्यांनी चित्तशुद्धीचा मार्ग त्यात सांगितला आहे. ध्यानाचे ४० विषय त्यात वर्णिले आहेत. त्यांपैकी मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावना पातंजल योगसूत्रांच्या वाचकास तत्काळ ओळखीच्या वाटतील. सुखी जनांशी मैत्री, दुःखितांविषयी करुणा, पुण्यवंतांना पाहून आनंद आणि पाप्याविषयी समभावाने उपेक्षा, हा धडा दोन्ही परंपरांनी आपापल्या परीने दिला आहे.

या ग्रंथाच्या चिकित्सक आवृत्तीसाठी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने धर्मानंदांना १९१० मध्ये पाचारण केले. वॉरन नावाच्या पंडिताने आरंभिलेले काम त्यांच्या निधनामुळे अपुरे राहिले होते. तेथील प्राध्यापक लॅनमन यांच्याशी श्रेयाबद्दल मतभेद झाले, तेव्हा धर्मानंद १९१२ मध्ये परत आले. मान वाकवून त्यांनी तडजोड केली नाही, पण हाती घेतलेले कामही टाकले नाही. १९१८, १९२६ आणि १९३१ असे पुनःपुन्हा समुद्र ओलांडून त्यांनी ते पुरे केले. हार्वर्डची आवृत्ती प्रसिद्ध झाली ती १९५० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. मात्र त्यांनी सिद्ध केलेली देवनागरी आवृत्ती भारतीय विद्या भवनाने १९४० मध्येच काढली. सिंहली आणि ब्रह्मी लिप्यांत शतकानुशतके वसलेला ग्रंथ बालबोध अक्षरांत अवतरला.

ज्ञानाबरोबर आचरणही चालले होते. महात्मा गांधींच्या गुजरात विद्यापीठात त्यांनी १९२२ पासून तीन वर्षे अध्यापन केले. १९२९ मध्ये ते रशियात लेनिनग्राडला बौद्ध विद्येच्या संस्थेत गेले. परत येताच १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. १९३७ मध्ये मुंबईत परळ येथे, कष्टकरी वस्तीत, बहुजनविहार उभा राहिला. जुगलकिशोर बिर्ला यांनी त्यास साहाय्य केले. बुद्धांचा उपदेश पंडितांच्या कपाटात न राहता गिरणी कामगारांच्या आणि दलितांच्या कानी पडावा, हा त्यामागील हेतू होता.

‘भगवान बुद्ध’ हा त्यांचा मराठी ग्रंथ १९४० च्या सुमारास प्रसिद्ध झाला. पुढे साहित्य अकादमीने त्याचे अन्य भारतीय भाषांत अनुवाद करविले. वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून राजपुत्र मध्यरात्री गुपचूप निघून गेला, ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली. प्राचीन सुत्तांत ती गौतमाविषयी आढळत नाही, असे धर्मानंदांनी दाखवून दिले. शस्त्रे घेऊन एकमेकांवर उठणारे आप्तजन पाहून गौतमाचे मन उद्विग्न झाले, आणि आईबाप रडत असता, त्यांच्या डोळ्यांदेखत त्याने गृहत्याग केला, असे जुनी वचने सांगतात. भाविकाला प्रथम हे वाचून धक्का बसतो. पण विचार केला म्हणजे कळते की, चमत्कार गळून पडल्याने बुद्ध लहान होत नाहीत. ते अधिक जवळचे होतात. स्वतः घर सोडून गेलेल्या आणि घरी परतलेल्या माणसानेच हे लिहावे, यातही एक अर्थ आहे.

उतारवयात पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माचे त्यांना फार आकर्षण वाटले. देह समाजाच्या उपयोगी उरला नाही, तर तो शांतपणे ठेवून द्यावा, अशी त्यांची धारणा झाली. त्यांनी आरंभिलेला उपवास एकदा गांधीजींच्या विनंतीवरून थांबविला. अखेर सेवाग्राम आश्रमात, अन्नत्यागाच्या अवस्थेत, ४ जून १९४७ रोजी त्यांनी देह ठेवला. पाली अध्ययनाची परंपरा पुढे चालावी, हीच त्यांची अखेरची इच्छा होती.

त्यानंतरचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरास लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि महाराष्ट्रात बुद्धांचे नाव घरोघरी दुमदुमले. ब्रह्मदेशातील ध्यानपरंपरा सत्यनारायण गोएंका यांच्या द्वारे भारतात परतली आणि १९७६ मध्ये इगतपुरीस तिचे केंद्र झाले. हे प्रवाह स्वतंत्र आहेत, त्यांच्या प्रेरणाही भिन्न आहेत. परंतु मराठी वाचकास बुद्धांचे वचन मूळ ग्रंथांच्या आधारे, आपल्या भाषेत आणि आपल्या लिपीत वाचण्याची वाट ज्यांनी प्रथम पायाखाली घातली, त्यांत धर्मानंदांचे स्थान अग्रभागी आहे.

आज संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना, अथवा तेरला त्रिविक्रमाच्या गाभाऱ्यात हात जोडताना, ज्याच्या अवताराचा उच्चार आपण रोज करतो, त्याच्या उपदेशाची चार पाने वाचावीत. मैत्री आणि करुणा यांचा संकल्प सोडण्यास याहून चांगला मुहूर्त कोणता? धर्मानंद कोसंबी यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.