कप्तानी गेली, पुन्हा आली

कापसाच्या वेचण्या उरकल्या आणि पऱ्हाट्या उपटून झाल्या, की आमच्या वरवट बकालला क्रिकेटचा हंगाम सुरू होतो. सातपुड्याकडून थंड वारा सुटलेला असतो, एखाद्या मोकळ्या वावरात पोरे खेळपट्टी चोपून घेतात, आणि मग गावोगावच्या संघांचे सामने रंगतात. अशाच एका संध्याकाळी शेगावच्या गाडीची वाट बघत एस. टी. स्टँडवर बसलो असताना शेजारच्या पोरांचे भांडण कानावर पडले. गेल्या साली ज्याची कप्तानी त्यांनी काढून घेतली होती, त्यालाच यंदा पुन्हा कप्तान करावे की नाही, हा प्रश्न होता. एकाचे मत असे, की ज्याने एकदा हरवले तो पुन्हा हरवणार. दुसऱ्याचे म्हणणे, त्याच्यानंतर आलेल्याने तरी कोणते दिवे लावले? गाडी आली आणि निकाल लागायच्या आतच मला उठावे लागले.

हा वाद काही वरवट बकालचाच नाही. तिकडे युरोपात फुटबॉलच्या प्रशिक्षकांवरून तो दर दोन-चार वर्षांनी पेटतो. जर्मनीतल्या बायर्न म्युनिकने 1991 मध्ये युप हाइंकेस यांना काढून टाकले. पुढे त्यांनाच परत बोलावले आणि 2013 मध्ये त्यांनी एकाच मोसमात तीन मोठे करंडक जिंकून दिले. उलट ब्राझीलचे व्हिसेंते फेओला. 1958 मध्ये त्यांच्या हाताखाली ब्राझील पहिल्यांदा विश्वविजेता झाला. 1966 मध्ये पुन्हा त्यांच्याकडेच संघ सोपवला, तर पहिल्या फेरीतच गाशा गुंडाळावा लागला. म्हणजे दाखले दोन्ही बाजूंनी आहेत आणि ज्याला जो हवा तो त्याने उचलावा.

पण आपल्या मराठी मातीत याचा सर्वांत बोलका दाखला आहे तो सांगलीच्या विजय हजारे यांचा. ते क्रिकेटचे, हे खरे. परंतु त्या काळी भारतीय संघाला आजच्यासारखा मुख्य प्रशिक्षक नसे. मैदानावरचे डावपेच, खेळाडूंची समजूत, रुसवेफुगवे आणि पराभवाचे खापर हे सारे कप्तानाच्याच डोक्यावर. त्यामुळे कप्तानाला हटवणे आणि परत आणणे म्हणजे आजच्या भाषेत प्रशिक्षकालाच हटवणे आणि परत आणणे होते.

विजय सॅम्युएल हजारे यांचा जन्म 11 मार्च 1915 रोजी सांगलीत, एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील शाळामास्तर, घरात आठ भावंडे. मुलगा अबोल, पण एकदा बॅट हातात आली की खाली ठेवायला तयार नसे. रणजी स्पर्धा सुरू झाली त्या 1934-35 च्या मोसमातच तो महाराष्ट्राकडून खेळू लागला. देवासचे महाराज विक्रमसिंहराव पवार (हेच पुढे शहाजी छत्रपती म्हणून कोल्हापूरच्या गादीवर आले) यांनी या तरुणातले गुण हेरले आणि त्याला शिकवायला थेट ऑस्ट्रेलियाचे लेगस्पिनर क्लॅरी ग्रिमेट यांना गाठले. हजाऱ्यांची उभे राहण्याची ढब विचित्र होती. बॅट दोन्ही पॅडच्या मधोमध धरलेली, पकडीत दोन हातांमध्ये अंतर. पुस्तकी मास्तराने ती आधी मोडून काढली असती. ग्रिमेटनी तिला हातही लावला नाही. शिकवली ती गोलंदाजी. चांगला गुरू काय करतो याइतकेच तो काय करत नाही यावरही ओळखावा, असे मला हा प्रसंग आठवला की नेहमी वाटते.

त्यानंतर धावांचा जो पाऊस पडला तो थक्क करणारा आहे. 1939-40 च्या मोसमात पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद 316, हे रणजी करंडकातले पहिले त्रिशतक. 1943 च्या डिसेंबरात मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर पंचरंगी सामन्यांची अंतिम झुंज झाली. हिंदू संघासमोर हजाऱ्यांचा 'रेस्ट' संघ पहिल्या डावात 133 धावांत कोसळला. दुसऱ्या डावात संघाने 387 केल्या आणि त्यांतल्या 309 एकट्या हजाऱ्यांच्या. धाकट्या भावाबरोबर, विवेक हजारे यांच्याबरोबर, त्यांनी 300 धावांची भागीदारी केली. तीत विवेकचा वाटा 21 धावांचा. सामना हरला तो हरलाच, पण त्या 21 धावांसाठी खिंड लढवत उभ्या राहिलेल्या भावाचेही कौतुक घरोघरी झाले असणार. पुढे हजारे बडोद्याच्या आश्रयाला गेले. 1947 मध्ये होळकर संघाविरुद्धच्या रणजी अंतिम सामन्यात गुल महंमद यांच्यासह त्यांनी चौथ्या गड्यासाठी 577 धावा जोडल्या. गुल महंमद 319, हजारे 288. हा जागतिक विक्रम तब्बल 59 वर्षे टिकला. 2006 मध्ये श्रीलंकेच्या संगकारा आणि जयवर्धने यांनी तो मोडला.

आणि मग अॅडलेड. जानेवारी 1948. देश स्वतंत्र होऊन सहा महिनेही झाले नव्हते. समोर ब्रॅडमनचा संघ, गोलंदाजीला लिंडवॉल आणि मिलर. हजाऱ्यांनी पहिल्या डावात 116 केल्या आणि फॉलोऑननंतर दुसऱ्या डावात 145. दुसरीकडे गडी पटापट बाद होत होते. लिंडवॉलने त्या डावात 38 धावांत 7 बळी घेतले. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे हजारे हे पहिले भारतीय. खुद्द ब्रॅडमन यांचा त्रिफळाही त्यांनी त्याच सामन्यात उडवला, अर्थात 201 धावा देऊन! भारत हा सामना डावाने हरला. हजाऱ्यांच्या आयुष्यात हे वारंवार घडत आले, त्यांचा मोठा पराक्रम आणि संघाची हार हातात हात घालून चालत.

अशा माणसाकडे 1951 मध्ये भारताचे कप्तानपद आले. ते कसे रिकामे झाले होते हेही सांगितले पाहिजे. आधीचे कप्तान लाला अमरनाथ तिखट स्वभावाचे. 1936 च्या इंग्लंड दौऱ्यावरून शिस्तभंगाच्या नावाखाली त्यांना एकही कसोटी न खेळवता घरी पाठवले होते. पुढे तेच कप्तान झाले आणि 1949 मध्ये मंडळाचे अध्यक्ष अँथनी डिमेलो यांच्याशी बिनसल्यावर पुन्हा दूर केले गेले. हजारे अगदी दुसऱ्या टोकाचे. कोणाला उलट शब्द बोलणार नाहीत. मंडळाला तोवर वादाचा इतका कंटाळा आलेला असावा, की न भांडणारा माणूस हाच गुण वाटला असेल. हा माझा तर्क आहे.

इंग्लंडविरुद्ध 1951-52 च्या मालिकेत हजाऱ्यांनी दिल्लीत नाबाद 164 आणि मुंबईत 155 धावा काढल्या. दिल्लीत इंग्लंड पहिल्या डावात 203 मध्ये गारद झाला होता. भारताने 6 बाद 418 वर डाव सोडला, पण तो सोडायला उशीर केला असा ठपका कप्तानावर आला. अॅलन वॉटकिन्स यांनी चिवटपणे नाबाद शतक ठोकून सामना वाचवला. ठपका रास्तच होता. हजाऱ्यांचा पिंड खिंड लढवणाऱ्याचा, धाडस करून सामना ओढून आणणाऱ्याचा नव्हे. कानपूरला तर भारत हरला. पाचवी कसोटी 6 फेब्रुवारी 1952 रोजी मद्रासला सुरू झाली. विनू मंकड यांनी पहिल्या डावात 55 धावांत 8 बळी घेतले, पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांनी शतके केली, मंकडनी दुसऱ्या डावात आणखी चार बळी टिपले आणि भारत एक डाव आठ धावांनी जिंकला. पहिली कसोटी खेळल्याला 20 वर्षे झाली होती आणि हा 25 वा सामना होता. भारताचा पहिला कसोटी विजय हजाऱ्यांच्या नावावर आहे, हे त्यांच्यावर टीका करणारे सोयीने विसरतात.

अवघ्या चार महिन्यांनी चित्र पालटले. इंग्लंडच्या दौऱ्यासाठी मंकड यांना निवडीची हमी मंडळाने दिली नाही, म्हणून ते तिथल्या लीगमध्ये खेळायला मोकळे झाले. म्हणजे मद्रासचा विजय ज्याने मिळवून दिला तो गोलंदाजच पहिल्या कसोटीला कप्तानाच्या हाती नव्हता. लीड्सला पहिल्या डावात 3 बाद 42 अशी अवस्था असताना हजारे आणि कोवळे विजय मांजरेकर यांनी 222 धावा जोडल्या. मांजरेकर 133, हजारे 89. दुसऱ्या डावात फ्रेड ट्रूमन या नव्या वेगवान गोलंदाजाने आणि अॅलेक बेडसर यांनी जे केले, तसे कसोटीच्या इतिहासात कधी घडले नव्हते. धावफलकावर शून्य आणि चार गडी बाद. तेव्हाही खेळपट्टीवर पाय रोवून उभे राहिले ते हजारेच. 56 धावा काढल्या, फडकरांबरोबर शतकी भागीदारी केली. त्यानंतर मँचेस्टरला भारत एकाच दिवशी 58 आणि 82 धावांत दोनदा बाद झाला. मालिका 0-3 अशी गेली.

परत आल्यावर हजाऱ्यांची कप्तानी गेली. पाकिस्तानचा संघ पहिल्यांदाच भारतात येत होता, आणि मंडळाने कोणाला बोलावले? त्याच अमरनाथना! दोनदा दूर केलेला माणूस तिसऱ्यांदा आला आणि जिंकला. दिल्लीत भारताने डावाने विजय मिळवला, लखनौला डावानेच मार खाल्ला, मुंबईत दहा गडी राखून सामना खिशात घातला आणि मालिका 2-1 अशी जिंकली. भारताने जिंकलेली ही पहिली कसोटी मालिका. मुंबईच्या त्या विजयात नाबाद 146 धावा कोणाच्या होत्या? हजाऱ्यांच्या. कप्तानीचे जोखड उतरले आणि दुसऱ्याच्या हाताखाली ते मनमोकळे खेळले. इथेच मंडळाने थोडे थांबून विचार करायला हवा होता असे मला वाटते. अमरनाथ गेले होते ते भांडणापायी, खेळात कमी पडले म्हणून नव्हे. भांडण बाजूला ठेवले की त्यांना परत आणण्यात धोका कसला? हजाऱ्यांचे तसे नव्हते. त्यांची कप्तानी गेली ती पराभवामुळे, आणि त्या पराभवाची खरी कारणे होती वेगवान माऱ्यापुढे कोसळणारी सलामी, हातचा घालवलेला गोलंदाज आणि कप्तानाचा अतिसावध स्वभाव. यातले काय बदलले, हे पाहिल्यावाचून त्यांच्याबद्दल निर्णय घेणे म्हणजे चिठ्ठी टाकण्यासारखे.

चिठ्ठी टाकली गेलीच. पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेनंतर अमरनाथ कसोटी खेळले नाहीत, आणि 1953 च्या वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी कप्तानी पुन्हा हजाऱ्यांकडे आली. भारताचा तिथला हा पहिलाच दौरा. न्याय करायचा तर एवढे कबूल केले पाहिजे, की संघ तिथे लाजिरवाणा हरला नाही. वॉरेल, वीक्स, वॉलकॉट अशा तिघांसमोर पाचांतले चार सामने अनिर्णित राहिले. सुभाष गुप्ते यांनी 27 बळी घेतले, उम्रीगर यांनी 560 धावा केल्या, आणि क्षेत्ररक्षणाचे तर तिथल्या लोकांनी तोंड भरून कौतुक केले. ब्रिजटाउनला मात्र 272 धावांचा पाठलाग करताना रामाधीनच्या फिरकीपुढे सारा संघ 129 मध्ये संपला आणि मालिका 0-1 अशी गेली.

किंमत मोजली ती हजाऱ्यांच्या बॅटने. इंग्लंडमध्ये शून्यावर चार बाद असताना न डगमगलेला हा फलंदाज त्या दौऱ्यात पाच कसोटींत एकही शतक करू शकला नाही. मार्च-एप्रिलमध्ये किंग्स्टनला झालेली कसोटी त्यांची शेवटची ठरली. 30 कसोटी, 2192 धावा, सात शतके, सरासरी 47.65. कप्तान म्हणून 14 सामने, एक विजय, पाच पराभव, आठ अनिर्णित. फलंदाजाचे आकडे आणि कप्तानाचे आकडे शेजारी ठेवले की हा एकच माणूस वाटत नाही. विजय मर्चंट यांच्यासारख्या जाणत्यानेही पुढे हळहळ व्यक्त केली, की कप्तानी हजाऱ्यांना मानवली नाही आणि तिने भारताचा मोठा फलंदाज हिरावून घेतला. मंडळाने दुसऱ्यांदा दिली ती संधी होती की शिक्षा, असा प्रश्न पडावा.

त्यांनी मात्र याबद्दल कुरकुर केल्याचे कोणी सांगत नाही. ते बडोद्याला परतले आणि खेळत राहिले. 1960 मध्ये सरकारने त्यांना पद्मश्री दिली. जसू पटेल यांच्याबरोबर हा मान मिळवणारे ते पहिले क्रिकेटपटू. प्रथम श्रेणीत त्यांच्या नावावर 60 शतके आहेत आणि 595 बळीही. 18 डिसेंबर 2004 रोजी, वयाच्या 89 व्या वर्षी, बडोद्यातच त्यांचे निधन झाले. देशातल्या राज्यांची एकदिवसीय स्पर्धा आज त्यांच्या नावाच्या करंडकासाठी खेळली जाते.

पण मला त्यांचा 1957-58 चा मोसम जास्त आवडतो. बडोद्याने त्या वर्षी रणजी करंडक जिंकला. कप्तान होते दत्ता गायकवाड, वयाने हजाऱ्यांपेक्षा कितीतरी लहान. अंतिम सामना सर्व्हिसेसविरुद्ध होता. चाळिशी ओलांडलेले हजारे त्या तरुण कप्तानाच्या संघात एक साधे फलंदाज म्हणून उतरले. बॅट तशीच दोन्ही पॅडच्या मधोमध धरलेली. नाणेफेकीची चिंता नाही, डाव कधी घोषित करायचा याचा घोर नाही. त्यांनी 203 धावा काढल्या.